दप्तराबाहेरची जागा

वसईच्या मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यापुढे कागद दोन ठिकाणांहून येतात. पहिले ठिकाण सरकारी दप्तराचे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यांत या मोहिमेची पत्रे आहेत. दुसरे ठिकाण घराचे. भिवंडी तालुक्यातले अंजूर हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते तेथल्या नाईक घराण्यामुळे. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू यांनी पोर्तुगीजांच्या अमलाविरुद्ध पेशव्यांकडे खटपट केली. १७३७ साली मराठे ठाणे-साष्टीत उतरले तेव्हापासून १७३९ साली चिमाजी आप्पांच्या हाती वसई येईपर्यंतच्या उलाढालीत त्यांचा वाटा होता. घराण्याची कैफियत ही हकीकत घराण्याच्या बाजूने सांगते. दप्तर आणि कैफियत यांचा मेळ घालताना अभ्यासकाला एक पथ्य पाळावे लागते. कोणता कागद कोठून आला याचा विसर पडू द्यायचा नाही. घरचा कागद दप्तराच्या रुमालात बेमालूम मिसळला, की दोहोंची साक्ष दुबळी होते.

संगणकाच्या इतिहासातल्या एका किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाकडे आम्ही या वाटेने आलो. एखाद्या आज्ञावलीची मूळ संहिता उतरवून घेतली, ती आपल्याच मेजावरच्या संगणकावर संकलित केली, आता ती ठेवायची कोठे? जाणकाराच्या लेखी हे एका ओळीचे काम आहे. पण ती एक ओळ ठरायला सुमारे पाव शतक लागले, आणि तिच्या पोटात मालकीचा प्रश्न दडलेला आहे. संगणक ज्याच्या मेजावर आहे त्याचा, की त्यावरची प्रणाली ज्याने पुरवली त्याचा?

आधी ‘संकलन’ या शब्दाविषयी. आपल्या परिभाषाकोशांनी ‘कम्पायलर’ला ‘संकलक’ म्हटले तेव्हा साहित्याच्या माणसांना ते खटकले असणार. संकलन म्हणजे विखुरलेले वेचे एकत्र करणे. माणसाला वाचता येणाऱ्या संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे हे तर भाषांतराच्या जवळचे काम. गंमत अशी, की इंग्रजी शब्दही मुळात संकलनाचाच आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ‘ए-शून्य’ ही आज्ञावली केली, ती फितीवरच्या संग्रहातून तयार उपक्रम वेचून त्यांची एक सलग रचना करीत असे. म्हणून तिला संकलक हे नाव पडले. काम पुढे भाषांतराकडे सरकले, नाव मागेच राहिले. शब्दाचा अर्थ असा घसरतो हे आम्ही वर्गात दर वर्षी सांगतो. परिभाषेतही ते घडावे याचे नवल नाही.

आता जागेविषयी. युनिक्स ही प्रणाली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडवली. १९७१ च्या आसपास ती ज्या पीडीपी-११ यंत्रावर चाले त्याची स्मृती २४ किलोबाइट आणि तबकडी अर्ध्या मेगाबाइटची होती. पुढे काढता-घालता येणाऱ्या मोठ्या तबकड्या आल्या. रिची-थॉम्प्सन यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात अशा प्रत्येक तबकडीची क्षमता अडीच मेगाबाइट दिली आहे. आजच्या एका छायाचित्राला ती पुरायची नाही. एका तबकडीवर प्रणाली आणि दुसरीवर वापरकर्त्यांची घरे, अशी वाटणी होती. घरांच्या कप्प्याचे नाव ‘यूएसआर’, म्हणजे ‘यूझर’ या शब्दाचा आखूड उच्चार. थॉम्प्सन यांचे घर ‘/यूएसआर/केन’.

पहिली तबकडी भरली तेव्हा प्रणालीची उरलेली आज्ञावली वापरकर्त्यांच्या तबकडीवर हलवण्यात आली. सरकार गावठाणात राहायला आले म्हणा. हळूहळू तेथे सरकारी वस्तू इतक्या झाल्या, की मूळ रहिवाशांना दुसरीकडे जावे लागले आणि घरांसाठी ‘होम’ नावाची वेगळी वसाहत वसली. ‘यूएसआर’ हे नाव मात्र टिकले. पुढच्या पिढीला त्यात वापरकर्ता दिसेना, म्हणून ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असा त्याचा विस्तार रूढ झाला. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. गावांच्या नावांना पुराणकथा चिकटतात तशीच ही. आम्ही मुद्दाम सांगतो, कारण संगणकातली प्रत्येक रचना कोणी विचारपूर्वक आखलेली असते असा समज आमच्या व्यवसायबंधूंत फार आहे. इथे तर तबकडी भरली एवढेच कारण आहे.

घरातून घरमालक निघाला, पण त्याची एक खोली राहिली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत युनिक्स विद्यापीठांत पसरले. प्रत्येक विद्यापीठाच्या संगणककक्षात कोणी ना कोणी स्वतःच्या गरजेच्या आज्ञावल्या लिहीत, दुसऱ्यांच्या दुरुस्त करून घेत. प्रणालीची नवी आवृत्ती आली की ती जुन्या फायलींवर सरळ लिहिली जाई आणि या स्थानिक कष्टांवर पाणी पडे. म्हणून ‘यूएसआर’च्या आत ‘लोकल’ असा कप्पा करण्याची चाल पडली. पुरवठादाराने ‘यूएसआर’मध्ये काय हवे ते करावे, ‘लोकल’च्या उंबऱ्याबाहेर थांबावे.

या चालीला बळ दिले ग्नू प्रकल्पाने. १९८३ साली घोषित झालेल्या या प्रकल्पाने आपल्या लेखनसंकेतांत असे ठरवले, की कोणतीही आज्ञावली मूळ संहितेवरून बांधली आणि वापरणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर ती ‘/यूएसआर/लोकल’मध्ये जाईल. १९९१ साली ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन निघाले आणि ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ ही तीन पावलांची प्रदक्षिणा जगभर एकसारखी झाली. पहिल्या पावलावर ‘प्रीफिक्स’ म्हणून जागा सांगायची. सांगितली नाही तर ‘लोकल’ ठरलेलेच. ‘प्रीफिक्स’ म्हणजे उपसर्ग. व्याकरणातला हा शब्द इथे पत्त्याच्या अर्थाने येतो, आणि उपसर्ग बदलला की धातूचा अर्थ पालटावा तसा इथेही परिणाम पालटतो. उपसर्ग ‘लोकल’ असला तर आज्ञावली घरची. तो नुसता ‘यूएसआर’ केला तर ती सरकारी कागदांत मिसळली.

मिसळली तर बिघडते काय, हे पाहण्यासाठी दप्तराची रचना पाहिली पाहिजे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या लिनक्स-वितरणांत प्रत्येक आज्ञावली गाठोड्याच्या रूपाने येते आणि गाठोड्यातल्या फायलीन्‌फाइलची नोंद एका सूचीत होते. कोणती फाइल कोणत्या गाठोड्याची, कोणती आवृत्ती, काढायची झाल्यास काय काय काढायचे, हे त्या सूचीला ठाऊक असते. आपण स्वतः बांधलेल्या आज्ञावलीची नोंद तेथे नसते. ती आपण सूचीच्या अखत्यारीतल्या कप्प्यात ठेवली तर पुढच्या अद्ययावतीकरणात सूची आपली फाइल शांतपणे पुसून त्यावर स्वतःची लिहील. तिला दोष देता येणार नाही. तिच्या लेखी तेथे दुसऱ्या कोणाचे काही असूच शकत नाही.

हा अलिखित करार १९९४ च्या फेब्रुवारीत लेखी झाला. लिनक्सची वितरणे अनेक झाली होती आणि प्रत्येकाची मांडणी निराळी होती, म्हणून कप्प्यांच्या रचनेचे एक प्रमाण तयार करण्यात आले. १९९७ साली त्याचे रूप विस्तारून ते इतर युनिक्सवंशीय प्रणालींसाठीही खुले झाले. २००४ आणि २०१५ साली त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. त्यात ‘लोकल’विषयीची अट स्पष्ट आहे. तो कप्पा यंत्राच्या व्यवस्थापकासाठी आहे आणि प्रणाली अद्ययावत होताना त्यातले काही पुसले जाता कामा नये. डेबियनच्या धोरणात तर असे आहे, की वितरकाच्या गाठोड्याने ‘लोकल’मध्ये एकही फाइल ठेवायची नाही; फार तर रिकामे कप्पे करून ठेवावेत. घरमालकासाठी मोकळी फडताळे बसवून द्यायची, आत काही ठेवायचे नाही, इतकी ही मर्यादा बारकाईने पाळलेली आहे. त्याच प्रमाणात ‘ऑप्ट’ नावाचा आणखी एक कप्पा आहे. बाहेरच्या कंपनीने तयार दिलेले सबंध बाड जसेच्या तसे ठेवण्यासाठी तो आहे. त्याचा स्वभाव भाडेकरूच्या खोलीचा, त्याविषयी इथे अधिक नको.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या रचनेत एक जागा विशेष ओळखीची वाटेल. एकाच नावाची आज्ञावली दोन ठिकाणी असू शकते, वितरकाची ‘यूएसआर’मध्ये आणि आपली ‘लोकल’मध्ये. नाव उच्चारल्यावर यंत्राने कोणती चालवायची? यंत्र कप्प्यांची एक यादी क्रमाने शोधत जाते आणि पहिली सापडेल ती घेते. बहुतेक वितरणांत त्या यादीत ‘लोकल’ आधी येते. म्हणजे पाठभेद उभा राहिला तर स्थानिक पाठ ग्राह्य, अधिकृत पाठ तळटीपेत. आमच्या शास्त्रात सर्वांत जवळची प्रत सर्वांत विश्वसनीय असतेच असे नाही, उलट पुष्कळदा तिच्यात लेखनिकाची पदरची भर असते. संगणकात मात्र जवळच्या प्रतीला हा मान मुद्दाम दिलेला आहे, कारण तेथे प्रश्न प्रामाण्याचा नसून मालकाच्या इच्छेचा आहे.

ही मालकाची इच्छा मराठीच्या बाबतीत चैनीची बाब नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस मेजावरचे संगणक देवनागरी दाखवू लागले तेही असमान रीतीने. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी आपल्या वाचकांना कवी आणि सुलेखनकार म्हणून परिचित आहेत. पुढच्या विंडोज एक्सपीत देवनागरीची जुळणी चालू करायला एका खिडकीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि हे करायला प्रशासकाचा अधिकार लागे. महाविद्यालयाच्या संगणककक्षात तो अधिकार मराठीच्या अध्यापकाकडे नसे. त्यामुळे यंत्राच्या पोटात मराठी असूनही पडद्यावर चौकोन, असा प्रकार कित्येकांनी पाहिला आहे.

लिनक्सवर परिस्थिती वेगळी होती, सोपी नव्हती. मुंबईत जुहूला असलेल्या आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या एनसीएसटी या संस्थेने ‘इंडिक्स’ या प्रकल्पात लिनक्सच्या चित्रखिडक्यांच्या व्यवस्थेलाच भारतीय लिप्या शिकवण्याचा प्रयत्न केला. जोशींचा ‘रघू’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट याच संस्थेतला. २००४ च्या सुमारास रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही फॉन्टमालिका मुक्त केली. पण नुसत्या फॉन्टने भागत नाही. अक्षरे जुळवणारी ‘पँगो’सारखी आज्ञावलीही देवनागरी जाणणारी लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांचा विचार करा. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल जागा. भेद फक्त ‘र’च्या रूपाचा, एकात रफार आणि दुसऱ्यात आडवी चंद्रकोर. हिंदीला या चंद्रकोरीची गरज नाही. फॉन्ट आणि जुळणी या दोहोंपैकी एकालाही ती ठाऊक नसेल तर मराठीतला हा भेद पडद्यावर नीट उतरत नाही. ‘आचाऱ्यांना’ निमंत्रण धाडले आणि ते ‘आचार्यांना’ पोचले, असा घोळ होऊ शकतो.

‘ॲ’ची गोष्ट याहून अलीकडची. हिंदीत ‘ऐ’वर किंवा ‘ए’वर काम भागते, मराठीला ‘अ’वरचा चंद्र हवा असतो. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही फॉन्टमध्ये त्या क्रमांकावर हे अक्षर असणे शक्यच नव्हते. वितरणे ठरावीक अंतराने निघतात. नवा फॉन्ट आणि नवी जुळणी मूळ संहितेच्या रूपात आज उपलब्ध, पण आपल्या वितरणात ती येणार पुढच्या आवृत्तीत. मधल्या काळात ‘ॲ’ हवा असणाऱ्याने काय करायचे? वितरकाचे वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांना ‘ॲ’ची निकड जाणवण्याचे कारण नव्हते. या मधल्या काळासाठीच घरची खोली लागते.

पण इथे एक धोका आहे, आणि जागेची निवड निर्णायक ठरते ती या धोक्यामुळे. ‘पँगो’ ही एकट्यादुकट्या आज्ञावलीची वस्तू नाही. ग्नोमसारख्या मेजपटावर प्रत्येक यादीतले, प्रत्येक बटणावरचे अक्षर तिच्यामार्फत उमटते. नवी प्रत उत्साहाने सरळ ‘यूएसआर’मधल्या जुन्या प्रतीवर लिहिली आणि ती कोठे अडली, तर ‘ॲ’ दूरच, सबंध पडदा मुका होतो. ‘लोकल’मध्ये ठेवली तर जुनी प्रत अबाधित राहते आणि नवी अंगावर आलीच तर हटवता येते. तेही सहज हटवता यावे म्हणून १९९३ साली बॉब ग्लिकस्टीन यांनी ‘स्टो’ हे छोटे साधन केले. ‘स्टो’ प्रत्येक आज्ञावली ‘लोकल’च्या आत तिच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवते आणि बाहेर फक्त दुवे लावते. ज्याचा त्याचा रुमाल वेगळा बांधायचा आणि फडताळावर चिठ्ठी लावायची, हीच ती रीत. दप्तरात ज्याने काम केले आहे त्याला ‘स्टो’चा उपयोग समजावून सांगावा लागत नाही.

ज्यांच्याकडे प्रशासकाची किल्लीच नाही त्यांचे काय? ‘लोकल’मध्ये लिहायलाही ती लागते. सार्वजनिक संगणकावर काम करणाऱ्याला मग स्वतःच्या घरकप्प्याशिवाय जागा उरत नाही. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘फॉन्टकॉन्फिग’ ही व्यवस्था लिनक्सवर रूढ झाली आणि तिने घरात ‘फॉन्ट्स’ नावाचा, टिंबाने सुरू होणारा म्हणून एरवी न दिसणारा, एक कप्पा मान्य केला. त्यात देवनागरी फॉन्टची फाइल टाकायची, बस्स. कोणाची परवानगी नाही. आमच्या मते मराठीच्या दृष्टीने हा बदल जुळणीच्या सुधारणांइतकाच मोलाचा होता, पण त्याची नोंद कोणी घेतली नाही. विंडोजवर केवळ स्वतःपुरता फॉन्ट बसवण्याची सोय यायला २०१८ साल उजाडले. घरातल्या या खाजगी कप्प्यांनाही पुढे शिस्त आली. २००३ साली मुक्त मेजपटांच्या प्रकल्पांनी घरात ‘.लोकल’ असा कप्पा सुचवला, २००८ साली पायथन भाषेने स्वतःपुरत्या बसवणुकीसाठी तोच स्वीकारला. ‘लोकल’ हा शब्द अशा रीतीने सबंध यंत्रावरून एका माणसापर्यंत आला.

दरम्यान ‘लोकल’च्या हद्दीवर इतरांची वर्दळ वाढली. मॅकवर २००९ साली निघालेल्या ‘होमब्रू’ने आपले सारे सामान ‘/यूएसआर/लोकल’मध्ये मांडले. अॅपलने २०१५ साली ‘यूएसआर’ला कुलूप घातले, यंत्राच्या मालकालाही तेथे लिहिता येईना, तरी ‘लोकल’ मोकळे सोडले. कुलूप लावणाऱ्यालाही ती जुनी खोली मोडवली नाही. पुढे २०२० नंतरच्या नव्या मॅकसाठी होमब्रू स्वतःच उठून ‘ऑप्ट’मध्ये गेले. लिनक्सवर पायथनची साधने दप्तराच्या फायलींवर लिहीत, तो जुना झगडा २०२१ च्या एका प्रस्तावाने मिटवू पाहिला. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये असे काही करू गेल्यास साधन नकार देते आणि वेगळा कप्पा करा म्हणून सांगते. नकार उपयुक्त आहे, तरी आम्हाला तो थोडा टोचतो. पूर्वी करार पुरवठादारावर बंधन घालत होता, आता बंधन मालकावर आले आहे.

घरच्या खोलीचा एक तोटा कैफियतीसारखाच. ती दप्तराबाहेर असल्याने तिच्यातले काही आपोआप अद्ययावत होत नाही. २००५ साली ‘लोकल’मध्ये बांधून ठेवलेली आज्ञावली, वितरकाची नवी प्रत आल्यावरही, शोधाच्या क्रमात आधी येत राहते आणि नव्या प्रतीची पाळी येऊ देत नाही. फॉन्टचेही तसेच. लिनक्सवर जुन्या संगणकावरून नव्यावर जाताना घरकप्पा सगळाच्या सगळा उचलून नेता येतो, आणि त्याच्याबरोबर टिंबाआड लपलेला जुना देवनागरी फॉन्टही येतो. नवी वितरणे ‘ॲ’ जाणतात. पण मजकूर त्या जुन्या फॉन्टमध्ये लावला, तर बाकीची अक्षरे त्याची येतात आणि ‘ॲ’ तेवढा यंत्र दुसऱ्या फॉन्टकडून उसना घेते. ‘ॲरिस्टॉटल’ लिहिले की पहिले अक्षर एका हाताचे, उरलेले दुसऱ्या हाताचे. हस्तलिखितात असे दिसले की आपण लेखनिक बदलल्याची नोंद करतो. इथे घरातला तो कप्पा उघडून जुनी फाइल काढून टाकायची, की सबंध ओळ एकाच फॉन्टमध्ये लावता येते.